परसातली शेड : पत्र्याची की लाकडाची?

घर बांधताना माणूस दिवाणखान्याचा विचार करतो, स्वयंपाकघराचा करतो, देवघराचा तर हमखास करतो. अडगळीचा विचार मात्र सहसा कुणी करत नाही. मग राहायला गेल्यावर वर्षभरातच ही अडगळ जिन्याखाली, पलंगाखाली, गच्चीवर पाय पसरू लागते. ज्यांच्या घरामागे चार हात मोकळी जागा असते ते भाग्यवान. तिथे एखादी छोटी शेड उभारली की प्रश्न सुटला, असे त्यांना वाटते. पण खरा प्रश्न तिथूनच सुरू होतो आणि घरात दोन तट पडतात. एक म्हणतो पत्र्याची, दुसरा म्हणतो लाकडाची.

बेंगळुरूसारख्या शहरात तर परसाची ही जागा म्हणजे चैनच. तिथे जमिनीच्या तुकड्याला सगळे 'साइट' म्हणतात आणि तीस बाय चाळीस फुटांच्या साइटवर घर बांधले की मागे नारळाचे एक झाड लावण्यापुरतीही जागा उरत नाही. मात्र १८९८च्या प्लेगनंतर वसत गेलेले बसवनगुडी आणि मल्लेश्वरम किंवा स्वातंत्र्यानंतरचे जयनगर अशा जुन्या भागांत अजूनही काही घरांमागे परस आहे. तिथे नारळ असतो, कढीलिंब असतो, धुण्याचा दगड असतो आणि एका कोपऱ्यात बहुधा एक जुनी शेडही असते.

जयनगरातल्या एका मराठी घरामागे अशीच शेड होती. घरातले अप्पा मूळचे बेळगावकडचे. तरुणपणी बेंगळुरूच्या एका सरकारी कारखान्यात टूलरूममध्ये लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. १९८४ साली त्यांनी सुताराला हाताशी धरून परसात लाकडी शेड उभारली. सिल्व्हर ओकच्या फळ्या, वर मंगळुरी कौले आणि चार कोपऱ्यांना जमिनीत पुरलेले चार खांब. जवळजवळ चाळीस वर्षे ती उभी राहिली. पण एका मे महिन्यात संध्याकाळी वळवाचा पाऊस आला, वारा सुटला आणि शेड एका अंगावर कलली. सकाळी पाहतात तो चारांपैकी तीन खांब जमिनीलगत पोकळ झालेले. बोट लावले की भुगा पडत होता. वाळवीने आपले काम चोख केले होते.

मुलाने त्याच दिवशी निर्णय देऊन टाकला. "अप्पा, मी फॅब्रिकेटरशी बोललोय. दोन दिवसांत अँगल उभे करून पत्रे ठोकून जातो म्हणाला. वाळवी नाही, कुजणं नाही, कटकट नाही."

"लाकडाचीच बांधू या," अप्पा म्हणाले. "या वेळी नीट बांधू."

"नीट म्हणजे दर दोन वर्षांनी तेलपाणी आलं, अप्पा. ते करणार कोण?"

प्रश्न साधा होता आणि बरोबरही होता. पण अप्पांचे वय चौऱ्याहत्तर होते, गुडघे कुरकुरत होते. शिडीवर चढणे डॉक्टरांनी बंद केले होते. त्यामुळे तो प्रश्न शेडपुरता राहिला नाही. 'तुमच्या मागे हे कोण सांभाळणार?' असे मुलगा म्हणाला नव्हता, पण घरातल्या प्रत्येकाला ते ऐकू आले. अप्पा उठून आत गेले. पुढचे चार-पाच दिवस शेडचा विषय कुणी काढला नाही.

लाकूड मरते ते पायाकडून

शेवटी हालचाल केली ती सूनबाईंनी. निदान कुठल्या मालाचा काय भाव आहे ते तरी पाहून येऊ, म्हणून एका रविवारी त्या अप्पांना घेऊन के. आर. मार्केटच्या बाजूला गेल्या. हार्डवेअरची दुकाने बघून झाली आणि ऊन चढले, तेव्हा विसाव्यासाठी दोघे मार्केटजवळच असलेल्या टिपू सुलतानच्या उन्हाळी महालात शिरले.

हा महाल हैदर अलीने बांधायला घेतला आणि १७९१मध्ये टिपूच्या काळात तो पुरा झाला. दुमजली वास्तू, सागवानी खांब, कोरीव कमानी, लाकडी सज्जे. टिपूच्या पाडावानंतर इंग्रजांनी त्यात कचेरी थाटली आणि १८६८ साली ती अठरा कचेरीच्या नव्या लाल इमारतीत हलवली. आज त्याच लाल इमारतीत उच्च न्यायालय भरते. या सगळ्या घडामोडींत सव्वादोनशेहून अधिक वर्षे सागवानी खांब मात्र जागचे हलले नाहीत. भोवतालच्या जमिनीत वाळवी काही कमी नव्हती, पाऊसही तोच होता.

इतर लोक कमानींचे फोटो काढत होते. अप्पा मात्र वाकून खांबाच्या तळाकडे बघत होते. "हे बघ," ते सुनेला म्हणाले, "यांचे पाय दगडावर आहेत. मी मातीत घातले होते."

आपल्या वाड्यांतही हेच आहे. लाकडी खांब कधी थेट जमिनीवर उभा करत नाहीत, त्याच्याखाली दगडी तळखडा असतो. वाळवी येते ती बहुतेक जमिनीतून. तिला ओल लागते आणि अंधार लागतो. लाकूड मातीला टेकलेले असले की तिला आयताच रस्ता मिळतो. मध्ये वीतभर उघडा दगड असला की तिला त्याच्यावरून मातीची नळी बांधत वर चढावे लागते. ती नळी डोळ्यांना दिसते आणि दिसली की काढून टाकता येते. वाळवी कायमची टळते असे नाही, पण चोरपावलांनी येऊ शकत नाही.

दुसरी गोष्ट लाकडाच्या निवडीची. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असते, म्हणून तो टिकतो. पण सालीलगतचे फिके लाकूड सागाचे असले तरी वाळवी ते आनंदाने खाते. कॉफीच्या मळ्यांतून येणारा सिल्व्हर ओक स्वस्त असतो, आतल्या फळ्यांना चालतो. मात्र त्याचा खांब मातीत पुरणे म्हणजे वाळवीला पाचारण करण्यासारखेच. पॅकिंगच्या खोक्यांतून निघालेले पाइनही असेच. दिसायला गोजिरवाणे, पण उघड्यावर पावसात ठेवण्याजोगे नव्हे. प्लायवूड वापरायचेच तर पाण्यात टिकणाऱ्या प्रतीचे घ्यावे. साध्या प्लायवूडचे पदर एकदोन पावसाळ्यांत सुटू लागतात.

मुलाचाही मुद्दा अगदीच सोडून देण्यासारखा नव्हता. घरी महालाची गोष्ट निघाली तेव्हा तो म्हणाला, "टिपूचा महाल टिकला, कबूल. पण म्हैसूरचा जुना राजवाडाही लाकडाचाच होता ना? त्याचं काय झालं?"

१८९७मध्ये राजकन्येच्या लग्नसमारंभाच्या दिवसांत तो लाकडी राजवाडा आगीत भस्मसात झाला. त्यानंतर हेन्री आयर्विन या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार जो नवा राजवाडा १९१२मध्ये पुरा झाला, त्यात दगड, विटा आणि लोखंड वापरले गेले. तिथल्या कल्याणमंडपाचे देखणे खांब ओतीव लोखंडाचे आहेत आणि ते स्कॉटलंडमधल्या ग्लासगोहून मागवलेले आहेत. "राजेसुद्धा धडा घेऊन लोखंडाकडे वळले, अप्पा," मुलगा हसत म्हणाला. अप्पाही हसले. चार-पाच दिवसांनी घरात या विषयावर पहिल्यांदाच हसू उमटले होते.

पत्र्याची परीक्षा एप्रिलात

पत्रा ही तशी गुणी वस्तू. नालीदार पत्र्याचा शोध १८२९ साली लंडनच्या गोदीत काम करणाऱ्या हेन्री पामर या अभियंत्याने लावला. पातळ पत्र्याला नुसत्या नाल्या पाडल्या की तो कितीतरी अधिक भार पेलतो, हे त्यातले मर्म. पुढे १८३७ साली फ्रान्समध्ये लोखंडावर जस्ताचा थर चढवण्याच्या कृतीचे पेटंट घेतले गेले आणि पत्र्याला दीर्घायुष्य मिळाले. जस्त नुसते झाकण म्हणून काम करत नाही. ओरखडा पडून लोखंड उघडे पडले तरी आधी जस्त झिजते आणि लोखंडाला वाचवते. जस्त संपले की मात्र गंज धावत येतो.

म्हणूनच दुकानात नुसता 'जीआय पत्रा' मागून भागत नाही. चौरस मीटरमागे किती ग्रॅम जस्त आहे ते विचारावे. १२० ग्रॅमचा पत्रा आणि २७५ ग्रॅमचा पत्रा वरून सारखेच चमकतात, पण पाच-सात पावसाळ्यांनंतर त्यांच्यातला फरक कळतो. गंज पहिल्यांदा धरतो तो कापलेल्या कडांना आणि भोकांना. छपराच्या पत्र्याचे स्क्रू नालीच्या खोलगट भागात नव्हे, तर उंचवट्यावर मारायचे आणि खाली रबरी वायसर घालायचा, एवढे पथ्य पाळले तरी निम्मी गळती टळते.

पण पत्र्याचे दुखणे गंज हे नाही, उष्णता हे आहे. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे हवा थंड, असा तिचा लौकिक. तो खरा असला तरी एप्रिलमधल्या दुपारी पारा ३४ अंशांच्या आसपास जातो आणि २०१६च्या एप्रिलमध्ये तर तो ३९ अंशांच्याही वर गेला होता. हे तापमान सावलीतले. थेट उन्हात तापलेला पत्रा याहून कितीतरी गरम होतो आणि ती आच खाली फेकत राहतो. उलट डिसेंबर-जानेवारीच्या रात्री तोच पत्रा झटकन गार पडतो, आतल्या बाजूला दव धरतो आणि पहाटे थेंब थेंब खाली गळतो. छप्पर कुठेही गळत नाही, तरी आतल्या पकडी-पाने गंजले, तर दोष बहुधा या घामाचा असतो.

मुलाला हे कुणी पुस्तकातून समजावले नाही. शेजाऱ्यांकडे पत्र्याची नवी शेड होती. तिची मापे घ्यायला तो दुपारी तीनच्या सुमाराला आत गेला. दहा मिनिटांत घामाघूम होऊन बाहेर आला आणि टेप तिथेच विसरला. आईने पाण्याचा तांब्या पुढे करत एवढेच विचारले, "मग? तुझे वडील रोज तीन ते पाच तिथंच असतात, ठाऊक आहे ना तुला?"

त्याला ते ठाऊक नव्हते. तीन ते पाच तो ऑफिसात असायचा.

आत राहणार काय?

त्या दिवशी आईनेच सूत्रे हाती घेतली. "पत्रा की लाकूड ते मागाहून ठरवा. आत काय ठेवायचंय ते आधी ठरवा," असे म्हणून तिने कललेल्या शेडमधला पसारा परसात मांडायला लावला. जुना स्टोव्ह, रंगाचे वाळलेले डबे, नातवाची तीनचाकी सायकल, फुटक्या कुंड्या, पाण्याच्या पंपाचे सुटे भाग, बंबाला लागणाऱ्या नारळाच्या करवंट्या, कुदळ, फावडे, पाइप. शिवाय अप्पांचा बाक, व्हाइस, रंधे, पटाश्या आणि एक जुना रेडिओ.

दुपारपर्यंत निम्मे सामान भंगारवाल्याकडे गेले. उरलेल्याचे आपोआप दोन ढीग झाले. पहिल्या ढिगातल्या वस्तू वर्षातून चारदा हाताळायच्या. त्यांना फक्त कोरडे राहायचे होते, उकाड्याशी त्यांना देणेघेणे नव्हते. दुसरा ढीग अप्पांचा होता. त्यातल्या वस्तूंबरोबर एक माणूसही आत असणार होता.

ज्याला शेड बांधायची आहे त्या प्रत्येकाने हे दोन ढीग आधी करून पाहावेत. सामानासाठी पत्रा उत्तम. तो लवकर उभा राहतो, कुलूप नीट बसते, उंदीर कुरतडत नाहीत, वाळवी फिरकत नाही. माणूस बसणार असेल तर लाकूड, कौल, बांबू, दगड यांचा विचार करावा. माणसासाठी पत्राच घालायचा असेल तर त्याला वारा द्यावा. लालबागेतले काचघर याचा उत्तम नमुना आहे. १८८९ साली त्याची पायाभरणी झाली. सांगाडा सगळा लोखंडाचा आणि तोही ग्लासगोहून आलेला. जानेवारी आणि ऑगस्टच्या पुष्पप्रदर्शनांना तिथे लोकांची दाटी होते, तरी आत कोंडल्यासारखे होत नाही. कारण छप्पर खूप उंच आहे आणि बाजू उघड्या आहेत. लोखंड तेच, पण हवेला वाट ठेवली आहे.

बेंगळुरूच्या वेशीवर मोठमोठ्या इमारती उभ्या राहत असतात, तिथे मजुरांसाठी पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा दिसतात. छप्पर पत्र्याचे, भिंती पत्र्याच्या, उंची जेमतेम डोक्याएवढी. आपल्या स्क्रू-ड्रायव्हरना जी शेड पुरेशी आहे, तेवढ्यातच तिथे चार माणसांचा संसार असतो. परसातल्या शेडमध्ये माळी, राखणदार किंवा कामवाल्या बाईंची राहण्याची सोय करावी, असा विचार अनेक घरांत होतो. तसे करण्याआधी घरातल्या कर्त्या माणसाने एप्रिलातल्या दुपारी तिथे अर्धा तास बसून पाहावे. मग पत्रा की लाकूड, हे कुणाला विचारावे लागणार नाही.

करणार कोण?

जयनगरच्या त्या घरात शेवटी दोन्ही गोष्टी झाल्या. कंपाउंडच्या भिंतीलगत खांद्याएवढ्या उंचीचे पत्र्याचे लांबट कपाट फॅब्रिकेटरने एका दिवसात बसवले. पहिला ढीग त्यात गेला. जुन्या शेडच्या जागी अप्पांच्या मनासारखा लाकडी आडोसा उभा राहिला. चार कोपऱ्यांना बेंगळुरूच्या आसपास सर्वत्र मिळणारे दगडी खांब तोडून हातभर उंचीचे पाय केले, त्यावर लाकडी खांब चढवले. पावसाचा मारा येतो त्या दोन बाजूंना फळ्या लावल्या, दोन बाजू उघड्या ठेवल्या. जुनी मंगळुरी कौले उतरवून, ब्रशने घासून पुन्हा चढवली. मोजकीच फुटलेली निघाली. पागोळीचे पाणी लाकडावर उडू नये म्हणून वळचण चांगली दीड फूट बाहेर काढली. खर्च एकट्या पत्र्याच्या शेडपेक्षा जास्त झाला, हे लपवण्यात अर्थ नाही.

'करणार कोण?' हा मुलाचा प्रश्न मात्र तसाच होता. त्याचे उत्तर अप्पांनी आपल्या पद्धतीने दिले. सुतार खिळे काढायला लागला तेव्हा त्यांनी त्याला थांबवले आणि प्रत्येक सांधा नटबोल्टने जोडायला लावला. मुलाला ते म्हणाले, "मला जमेल तोवर मी तेल लावीन. मग तुला नको वाटलं तर पाना घे आणि उतरवून टाक. अर्ध्या दिवसाचं काम आहे. तुझ्या गळ्यात लोढणं नको."

मुलगा त्या वेळी काहीच बोलला नाही. खंडेनवमीला बेंगळुरूत हत्यारांची, वाहनांची, यंत्रांची पूजा दणक्यात होते. त्या घरातही व्हाइसला आणि रंध्यांना झेंडू वाहिला गेला. परतीचा पाऊस ओसरला, लाकूड नीट वाळले आणि दिवाळीनंतरच्या एका रविवारी मुलाने विचारले, "अप्पा, ते तेल कुठं ठेवलंय? आणि ब्रश कुठला घ्यायचा?" अप्पांनी खुर्चीतून बसल्या बसल्या सांगितले, शिडीवर मुलगा चढला. पुढच्या खेपेस तो चढेल की पाना घेऊन येईल, हे आज कुणी सांगू शकत नाही. दोन्ही वाटा मोकळ्या आहेत, एवढे खरे.

शेड बांधण्यापूर्वी

ज्यांच्या घरी हा विषय आता निघणार आहे, त्यांनी आणखी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. घराभोवती नियमाने सोडलेल्या मोकळ्या जागेत बांधकाम करता येते की नाही, याची आधी पालिकेत चौकशी करावी. शेड कशाचीही असो, जोते आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच घ्यावे. बेंगळुरूत सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पडतो, त्यामुळे जून-जुलै कोरडे गेले म्हणून गाफील राहू नये. पत्र्याच्या शेडमध्ये वीज न्यायची तर अर्थिंग आणि गळती ओळखणारा स्विच हवाच, कारण एक उघडी तार पुऱ्या शेडमध्ये वीज खेळवू शकते. लाकडी शेडमध्ये पेट्रोल, थिनर, गॅस ठेवू नये आणि जिन्नस पेटवणारे काहीही आत चालवू नये.

जुन्या शेडवर सिमेंटचे पत्रे असतील तर ते अॅस्बेस्टॉसचे असण्याची शक्यता असते. असे पत्रे स्वतः कापू किंवा फोडू नयेत, त्यांची धूळ फुप्फुसांना घातक असते. उकाडा टाळायला पत्र्याखाली बांबूच्या चटईचे छत घालता येते. बेंगळुरूच्याच प्लायवूड संशोधन संस्थेने बांबूच्या चटया एकावर एक चिकटवून नालीदार पत्रे तयार करण्याची पद्धत विकसित केली होती, त्यांचाही विचार करता येईल. लाकडाला वर्षा-दोन वर्षांनी तेल हवे. कोकणात आणि गोव्यात होड्यांना लावतात ते काजूच्या टरफलांचे तेलही लाकडाला चांगले मानवते. मात्र ते हाताला लागू देऊ नये, कातडी भाजते.

पत्रा काही वर्षे आपली हयगय निमूटपणे सोसतो आणि मग एकदम जाब विचारतो. लाकूड दर वर्षी थोडी आठवण करून देते. ज्या घरात ती आठवण ठेवणारे कुणी आहे, किंवा जिथे रोज दुपारी कुणी आत बसणार आहे, तिथे लाकडाचा जास्तीचा खर्च वाया जात नाही. जिथे दोन्ही नाही, तिथे जाड जस्ताचा चांगला पत्रा घ्यावा, कुलूप लावावे आणि निश्चिंत असावे.